व्यवसायाची खरी कमाई

वर्षअखेरीस नफा झाला, एवढ्यावरून व्यवसाय उत्तम चालला आहे असे ठरत नाही. तो नफा कोणत्या मार्गाने आला, हेही पाहावे लागते. समजा, एका बेकरीने वर्षभरात ५,००,००० रुपयांचे पाव व बिस्किटे विकली. मैदा, साखर, मजुरी, भाडे, वीज आणि भट्टीचा घसारा मिळून ४,९०,००० रुपये खर्च झाला. त्याच वर्षी मालकाने आपली एक मोकळी जागा विकली आणि त्या व्यवहारात त्याला १,००,००० रुपयांचा फायदा झाला. हिशेबात १,१०,००० रुपये नफा दिसतो. परंतु बेकरीच्या धंद्याने मिळवले ते केवळ १०,००० रुपये. जागा एकदाच विकता येते, पाव मात्र रोज विकावे लागतात.

मुख्य व्यवसायाच्या उत्पन्नातून तो व्यवसाय चालवण्याचा खर्च वजा केल्यावर जे उरते, त्यास ‘परिचालन नफा’ म्हणतात. कर्जावरील व्याज आणि प्राप्तिकर यांची वजावट त्यानंतर होते. व्याज हे भांडवल कसे उभारले यावर, तर कर हा सरकारी नियमांवर अवलंबून असतो. धंदा चालवण्याचे कौशल्य मात्र परिचालन नफ्यातून दिसते. या नफ्याचे उत्पन्नाशी असलेले शेकडा प्रमाण काढले, तर एकाच क्षेत्रातील लहानमोठ्या व्यवसायांची तुलना करता येते. वरील बेकरीत हे प्रमाण २ टक्के आहे.

भागधारक आणि बँका या आकड्यावर विश्वास ठेवतात. तो आकडाच खोटा असेल तर काय होते, हे हैदराबादच्या सत्यम कॉम्प्युटर सर्व्हिसेस या कंपनीच्या उदाहरणावरून कळते. ७ जानेवारी २००९ रोजी कंपनीचे अध्यक्ष बी. रामलिंग राजू यांनी संचालक मंडळाला पत्र लिहून हिशेबातील लबाडीची कबुली दिली. जुलै ते सप्टेंबर २००८ या तिमाहीत कंपनीने २,७०० कोटी रुपये उत्पन्न आणि ६४९ कोटी रुपये परिचालन नफा जाहीर केला होता. पत्रानुसार प्रत्यक्ष उत्पन्न २,११२ कोटी आणि परिचालन नफा अवघा ६१ कोटी रुपये होता. म्हणजेच २४ टक्के म्हणून सांगितलेले प्रमाण वस्तुतः सुमारे ३ टक्के होते.

उत्पन्नातील आणि नफ्यातील तफावत सारखीच, ५८८ कोटी रुपयांची आहे. न झालेल्या विक्रीसाठी खर्च करावा लागत नाही. म्हणून खोटे उत्पन्न जसेच्या तसे नफ्यात मिसळते. मात्र अशा विक्रीचे पैसे कधीच हाती येत नाहीत. त्यामुळे बँकेतील शिल्लकही खोटी दाखवावी लागली. पत्र प्रसिद्ध झाले त्याच दिवशी कंपनीच्या समभागाचा भाव तीन चतुर्थांशांहून अधिक कोसळला आणि हजारो कर्मचाऱ्यांचे भवितव्य टांगणीला लागले.

म्हणूनच नफ्याचा आकडा वाचताना दोन प्रश्न विचारावेत. हा नफा मुख्य व्यवसायातून आला आहे काय? आणि त्याचा पैसा खरोखर हाती येत आहे काय?