लहर कुणाची, उजेड कुणाचा?

सोलापूरच्या गड्डा यात्रेतील शोभेचे दारूकाम आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. एकामागून एक बाण सुटू लागले म्हणजे कानावर आलेला धडाका नेमका कोणत्या बाणाचा, हे सांगणे कठीण होते. २०१७ च्या जानेवारीत खगोलशास्त्रज्ञांपुढे असाच पेच उभा राहिला.

४ जानेवारी रोजी अमेरिकेतील 'लायगो'च्या दोन यंत्रांनी गुरुत्वीय लहरी टिपल्या. सुमारे ३०० कोटी प्रकाशवर्षे दूर, सूर्याच्या ३१ पट आणि १९ पट वस्तुमानाची दोन कृष्णविवरे एकमेकांत विलीन झाली होती. पण कोठे? दोनच यंत्रे असली की दिशा अंधुकच कळते. उत्तर आले ते सुमारे १२०० चौरस अंशांच्या पट्ट्याचे. त्यात पौर्णिमेचे सहा हजार चंद्र मावतील! दुसऱ्या दिवशी या पट्ट्यात हवाई बेटांवरील 'ॲटलास' दुर्बिणींना झपाट्याने मंदावणारा एक ठिपका दिसला आणि खळबळ उडाली. कृष्णविवरांच्या मीलनातून प्रकाश यावा, अशी फारशी कोणाचीच अपेक्षा नव्हती. लहरीचे आणि ठिपक्याचे नाते खरे ठरते, तर सिद्धान्त मुळापासून तपासावे लागले असते.

छडा लावण्यात आपल्या मंडळींचा मोठा वाटा होता. वरुण भालेराव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'ॲस्ट्रोसॅट' या भारतीय उपग्रहाच्या नोंदी तपासल्या. लहरी आल्या त्या क्षणी काहीच आढळले नाही. परंतु सुमारे वीस तासांनंतर गॅमा किरणांचा एक स्फोट नोंदला गेला होता. ठिपका म्हणजे त्या स्फोटाची मागे उरलेली धग. कृष्णविवरांशी त्याचा संबंध नव्हता, होता तो निव्वळ शेजार.

असे शेजारी आकाशात पुष्कळ. म्हणून संशयित ठिपका दिसला की त्याचा वर्णपट घेतात. प्रत्येक मूलद्रव्य ठरावीक तरंगलांबीचाच प्रकाश शोषते, त्यामुळे वर्णपटावरून प्रकाशाचे कूळ कळते. हायड्रोजन किंवा सिलिकॉन यांच्या ठळक खुणा दिसल्या, तर तो बहुधा नेहमीचा अतिनवतारा. घाई मात्र हवी. ठिपका विझत आला, की वर्णपटात पसरवायला प्रकाशच उरत नाही.

१७ ऑगस्ट २०१७ रोजी लहरी आल्या त्या दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या मीलनाच्या. अवघ्या १.७ सेकंदांनी गॅमा किरण पोहोचले. या वेळी इटलीतील 'व्हर्गो' यंत्र जोडीला असल्याने पट्टा २८ चौरस अंशांवर आला, आणि सुमारे अकरा तासांत १३ कोटी प्रकाशवर्षे दूरच्या एनजीसी ४९९३ या दीर्घिकेत ठिपका सापडला. त्याचा पहिला वर्णपट निळसर आणि सपाट होता. काही दिवसांतच तो लालसर झाला, त्यात रुंद उंचवटे उमटले. कोणत्याही ज्ञात अतिनवताऱ्याशी तो जुळेना! द्रव्य प्रकाशाच्या वेगाच्या २० ते ३० टक्के वेगाने उधळले जात होते, त्यामुळे रेषा पसरून एकमेकींत मिसळल्या होत्या. त्या गिचमिडीतून पहिल्या मूलद्रव्याची ओळख पटायला २०१९ साल उजाडले. ते निघाले स्ट्रॉन्शियम. दारूकामातील लाल रंग ज्याच्या क्षारांमुळे येतो, तेच!

तिसऱ्या यंत्राने पट्टा किती आवळला, ते आपण पाहिले. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभारायच्या 'लायगो-इंडिया' यंत्राला २०२३ साली केंद्र सरकारने मंजुरी दिली. यंत्रे जितकी दूरदूर, तितकी दिशा नेमकी. आणि ठिपका विझण्यापूर्वी वर्णपट घ्यायला तितकाच जास्त अवधी.