जमिनीत वीज, विहिरीत पाणी

विहीर खणण्यापूर्वी भूमीला प्रश्न विचारता येतो. चार सळया एका ओळीत ठोकावयाच्या; बाहेरच्या दोहोंतून वीज सोडावयाची, आतल्या दोहोंमधील विद्युत्-दाब मोजावयाचा. सळयांतील अंतर वाढविले की अधिक खोलीची वार्ता कळते. दख्खनच्या सलग काळ्या पाषाणाचा विशिष्ट रोध शेकडो ओहम-मीटर भरतो. पाण्याने भरलेल्या भेगाळ खडकाचा पुष्कळदा 100 च्या आत. परंतु खाऱ्या पाण्याचा थर, तशीच ओली चिकणमाती, 10 च्याही खाली उतरते! म्हणून विदर्भात पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात अल्प रोध पाहून हुरळून जाऊ नये. यंत्र रोध सांगते, पाण्याची गोडी नव्हे. रोगजंतू तर त्याला दिसतच नाहीत. जागा यंत्राने सुचवावी. पिण्याचा निर्णय मात्र पाणी तपासूनच घ्यावा.