पातळ पेज आणि सातवा महिना

जव्हार तालुक्यातल्या दाभोसा परिसरात भात-नागलीची कापणी आटोपली, की दिवाळीच्या सुमारास बऱ्याच घरांना कुलपे लागतात. माणसे भिवंडी-वसईकडे वीटभट्ट्यांवर, बांधकामांवर जातात. अंगावर पिणारे मूलही सोबत जाते. त्याची अंगणवाडी मात्र गावातच राहते.

याच तालुक्यातल्या वावर-वांगणीतील बालमृत्यूंनी १९९२-९३ मध्ये राज्य हादरले होते. तेव्हापासून बाळाला अंगावर पाजण्याविषयी पुष्कळ सांगून झाले आणि त्याचा गुणही आला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात पहिले सहा महिने निव्वळ आईच्या दुधावर असलेल्या बाळांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये ५५ टक्के होते, २०१९-२१ मध्ये ते ६४ टक्क्यांवर गेले. मात्र त्याच पाहणीत ६ ते २३ महिन्यांच्या मुलांपैकी पुरेसा आहार मिळणारी जेमतेम ११ टक्के निघाली. घसरण इथे सुरू होते.

सहा महिने झाले म्हणून दूध तोडायचे नसते. वर्षापर्यंत बाळाची निम्मी ऊर्जा त्यातूनच येते. पण जन्मतःचा लोहाचा साठा संपत आलेला असतो आणि वरच्या अन्नातून रोज सुमारे २०० कॅलरी लागू लागतात. पोटात मावते एका वेळी वाटीभर. ती वाटी पाण्यासारख्या पेजेने भरली, की बाळ झोपते आणि आईला वाटते, जेवले! पाच रुपयांचा बिस्किटपुडा हाही त्यावरचा उपाय नव्हे.

चमचा तिरका केला तरी ओघळणार नाही, इतके अन्न घट्ट हवे. नागलीला मोड आणून, वाळवून दळली, की तिच्यातली विकरे पिष्ट फोडतात. मग जास्त पीठ घातले तरी लापशी गिळायला सोपी राहते. त्यात चमचाभर तेल आणि शिजवलेली डाळ घालावी. नागलीत कॅल्शियम भरपूर, पण तिच्यातले लोह अंगी थोडेच लागते. अंडेही हवेच.

आदिवासी भागातल्या अमृत आहार योजनेत बाळंतिणीला सहा महिन्यांपर्यंत एक वेळचे जेवण आणि सातव्या महिन्यापासून बाळाला अंडे किंवा केळे मिळते. भट्टीवर गेलेल्या बाळाचे ते अंडे गावात राहते. मुक्कामाच्या गावातल्या अंगणवाडीत नाव नोंदवता येते, पण बारा तास विटा थापणाऱ्या बाईने तिथे जायचे कधी? निदान निघताना मोडाच्या नागलीचे पीठ, कोरड्या डब्यात घट्ट झाकण लावून, तिच्या गाठोड्यात असावे.