कथा-कादंबरी, चित्रकथा, विज्ञान : धाराशिवच्या वाचनाचा मागोवा

धाराशिव जिल्ह्यातल्या मराठी वाचनाचा हिशेब निजामाची राजवट संपली त्या १७ सप्टेंबर १९४८ पासून मांडावा लागतो. त्या राजवटीत सरकारी कारभार आणि वरचे शिक्षण उर्दूतून चाले. मराठी पुस्तक तगले ते घरांत, मठांत आणि लोकांनीच चालवलेल्या वाचनालयांत. १९६७ च्या ग्रंथालय कायद्यानंतर महाराष्ट्रातल्या गावोगावच्या वाचनालयांना अनुदानाचा आधार मिळाला. तरी कपाटात जागा पटकावली ती प्रामुख्याने कथा-कादंबऱ्यांनीच.

त्याला कारणही होते. या भागाने स्वतःचे कथाकार दिले. रा. रं. बोराडे काटगावचे. आज ते गाव लातूर जिल्ह्यात मोडते; पण लातूर वेगळा झाला १९८२ मध्ये, आणि त्यांची ‘पाचोळा’ आली १९७१ मध्ये. खेड्यातल्या एका शिंप्याच्या घराची वाताहत त्याच्या बायकोच्या तोंडून, तिच्याच मराठवाडी बोलीत सांगणारी ही छोटी कादंबरी आजही शिळी वाटत नाही. बोली इथे संवादापुरती येत नाही, सगळे निवेदनच तिच्यावर उभे आहे. कळंब तालुक्यातल्या हासेगावचे भास्कर चंदनशिव कादंबरीपेक्षा कथेत रमले. त्यांची ‘लाल चिखल’ पाठ्यपुस्तकात गेली, आणि भाव पडल्यावर बाजारातच टोमॅटो तुडवणारा शेतकरी राज्यभरच्या मुलांना ठाऊक झाला.

विज्ञान मात्र बाहेरून आले. मराठी विज्ञान परिषद १९६६ मध्ये मुंबईत स्थापन झाली. तिच्या १९७४ च्या कथास्पर्धेत ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने आलेली ‘कृष्णविवर’ ही कथा पहिली आली. आपल्या आद्याक्षरांचा क्रम उलटवून ती जयंत नारळीकरांनी पाठवली होती. पुढे ‘यक्षांची देणगी’ आणि ‘प्रेषित’ यांनी विज्ञानकथेला, तर ‘आकाशाशी जडले नाते’ने खगोलशास्त्राला घरोघरी नेले. सोलापूरचे अच्युत गोडबोले यांच्या ‘किमयागार’मध्ये शास्त्रज्ञांची चरित्रे आणि त्यांचे शोध हातात हात घालून येतात, सुरुवात करणाऱ्याला ते अधिक सोपे. या जिल्ह्याला विज्ञानवाचनाची गरज होतीच. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपात शेजारच्या किल्लारीसह सास्तूर आणि आसपासची गावे कोसळली. दख्खनचे पठार स्थिर मानले जात असताना भूकंप झाला कसा, आणि मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींनीच इतके बळी कसे घेतले, हे प्रश्न तिथे पुस्तकी नव्हते.

तिसरी शाखा, चित्रकथा, सर्वांत अशक्त. १९५२ पासून मद्रासहून येणारा मराठी ‘चांदोबा’, इंद्रजालचा वेताळ, अमर चित्र कथा, बालभारतीचे १९७१ पासूनचे ‘किशोर’ आणि १९९१ पासूनचा ‘चिंटू’ यांनी मुलांना चित्रांची गोडी लावली. पण चित्रकथा म्हणजे पोरखेळ, हा समज मोठ्यांनी सोडला नाही. तो मोडायला २०११ चे ‘भीमायन’ पुरेसे आहे. दुर्गाबाई आणि सुभाष व्याम यांनी परधान गोंड शैलीत चितारलेल्या या आंबेडकर-चरित्रात मवाळ बोलणे पक्ष्याच्या आकारात येते, विखारी बोलणे विंचवाच्या नांगीत. त्यातला दौलताबादला बाबासाहेबांना पाण्याला मनाई झाल्याचा प्रसंग निजामाच्याच मुलखातला. १९४१ मध्ये बाबासाहेब ज्या कसबे तडवळ्याला परिषदेसाठी आले, ते गाव तर धाराशिव जिल्ह्यातच आहे.

जानेवारी २०२० मध्ये ९३ वे साहित्य संमेलन धाराशिवला, तेव्हाच्या उस्मानाबादला, भरले. अध्यक्षपदी फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते. पुढच्या नाशिकच्या संमेलनाचे अध्यक्ष झाले नारळीकर. कथा-कविता आणि विज्ञान यांच्यातली भिंत तोवर बरीच खचली होती. चित्रकथेच्या वाट्याला असा मान अजून आलेला नाही. नव्याने पुस्तके घेणाऱ्या वाचनालयाने ‘पाचोळा’ आणि ‘किमयागार’च्या शेजारी ‘भीमायन’ ठेवावे, आणि तेही बालविभागात नव्हे.