हलकी मोटार आणि उसाचे इंधन

मोटारीच्या प्रदूषणाचा विषय निघाला की लक्ष प्रथम धुराकडे जाते; वास्तविक किती इंधन जळणार हे पुष्कळ अंशी मोटारीच्या वजनावर ठरते. एकटा माणूस टनभर वजनाची मोटार घेऊन निघतो तेव्हा इंधनाची शक्ती मुख्यत्वे मोटारीलाच पुढे नेण्यात खर्च होते, आणि शहरात दर सिग्नलला ब्रेक लावताच ती शक्ती उष्णतेच्या रूपाने वाया जाऊन सगळा भार पुन्हा नव्याने ओढावा लागतो. वजन १० टक्क्यांनी घटले तर इंधनाच्या वापरात ६ ते ८ टक्के सुधारणा होते, असा अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचा अंदाज आहे.

म्हणूनच पोलादाऐवजी, त्याच्या सुमारे एक-तृतीयांश घनतेचे ॲल्युमिनियम वापरण्याकडे उत्पादक वळले. १९९४ मध्ये ऑडी ए-८ या मोटारीचा सांगाडाच ॲल्युमिनियमचा आला, तर २०१५ च्या फोर्ड एफ-१५० ट्रकचे वजन ॲल्युमिनियमच्या पत्र्यामुळे सुमारे ३०० किलोंनी उतरले. मात्र खनिजापासून एक टन ॲल्युमिनियम वेगळे करायला १४ हजार युनिटच्या आसपास वीज लागते, आणि भारतात ती बव्हंशी कोळशावर तयार होत असल्याने रस्त्यावर होणाऱ्या बचतीचा काही भाग कारखान्यात आधीच खर्ची पडलेला असतो. भंगार वितळवून तोच धातू मिळवायला त्या ऊर्जेचा साधारण विसावा भाग पुरतो. तेव्हा हलक्या मोटारीचा हिशेब भंगाराच्या व्यवस्थेपर्यंत नेल्याशिवाय पुरा होत नाही.

वनस्पतींचे तंतू हा याहून साधा मार्ग आहे. ताग, जवस किंवा अंबाडी यांचे तंतू प्लॅस्टिकमध्ये दाबून केलेल्या फळ्या मोटारींच्या दरवाजांना आतून बसवल्या जातात. ज्या अंबाडीच्या वाखाचे दोर महाराष्ट्रातले शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या वळत आले, तो वाख अशा फळ्यांत एरवी घातल्या जाणाऱ्या काचतंतूपेक्षा पुष्कळ हलका असतो. फक्त तो ओल धरतो, त्यामुळे बाहेरच्या भागांसाठी त्याचा उपयोग बेताचाच होतो.

इंधनाच्या बाबतीत महाराष्ट्राचा संबंध अधिक थेट आहे. उसाचा रस किंवा साखर काढून उरलेली मळी यीस्टने आंबवली की साखरेचे मद्यार्क, म्हणजे इथेनॉल होते. साध्या ऊर्ध्वपातनाने त्याची शुद्धता ९५ टक्क्यांच्या जवळ येऊन थांबते, म्हणून उरलेले पाणी शोषून घेणाऱ्या सूक्ष्म छिद्रांच्या खड्यांमधून त्याची वाफ न्यावी लागते. या इंधनातला कार्बन उसाने हवेतूनच घेतलेला असल्यामुळे ते जळताना हवेत जुन्या कार्बनाचीच परतफेड होते, तरी खते, पंप आणि वाहतूक यांना लागलेली ऊर्जा त्यातून वजा करावी लागते.

पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे २०३० चे उद्दिष्ट भारताने पाच वर्षे अलीकडे आणले आणि २०२५ मध्ये ते गाठले, हे यश मोठेच आहे. पण एका लिटर इथेनॉलमधून पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांशच ऊर्जा मिळते, म्हणजे या मिश्रणात शुद्ध पेट्रोलपेक्षा ६ ते ७ टक्के ऊर्जा कमी असते, आणि नेमक्या याच ठिकाणी वजनाचा प्रश्न इंधनाच्या प्रश्नाला येऊन मिळतो: इंधन शेतातून आणायचे असेल तर ते कमी लागणारी मोटार आधी हवी. शिवाय, नीती आयोगाच्या अहवालानुसार साखरेपासून एक लिटर इथेनॉल मिळवण्यामागे सुमारे २,८६० लिटर पाणी खर्च होते. दुष्काळी तालुक्यांतही ऊस उभा असलेल्या महाराष्ट्रात हा आकडा नजरेआड करणे घातक ठरेल. २०२३ च्या अपुऱ्या पावसानंतर साखर कमी पडू नये म्हणून केंद्र सरकारला त्याच डिसेंबरात रसापासून इथेनॉल करण्यावर बंधने आणावी लागली होती.

खाद्य पिकाऐवजी काडीकचऱ्यापासून इथेनॉल काढण्याचा प्रयत्न म्हणून महत्त्वाचा ठरतो. हरियाणातील पानिपत येथे २०२२ मध्ये सुरू झालेला, पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजचे तंत्र वापरणारा प्रकल्प वर्षाला सुमारे २ लाख टन भाताच्या पेंढ्यापासून ३ कोटी लिटर इथेनॉल करण्याच्या क्षमतेचा आहे. पेंढ्यातली साखर सेल्युलोजच्या घट्ट साखळ्यांत अडकलेली असल्याने ती सोडवायला महागडी विकरे, म्हणजे एन्झाइम, लागतात. उसाच्या पाचटापासूनही असे इंधन होऊ शकते, परंतु शेतात कुजणारे पाचट जमिनीचा सेंद्रिय कर्ब वाढवते आणि ओल धरून ठेवते, त्यामुळे ते सगळेच उचलून कारखान्यात नेल्यास जमिनीचा कस उतरेल आणि पुढच्या उसाला पाणीही अधिक द्यावे लागेल.