एक नदी, अनेक धनी

कोल्हापूर शहराच्या वायव्येस प्रयाग चिखली नावाचे गाव आहे. सह्याद्रीच्या रांगांतून निघालेल्या कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती ह्या नद्यांचे पाणी येथे एकत्र येते. पाचवी नदी सरस्वती. ती गुप्तरूपाने येऊन मिळते, अशी लोकांची श्रद्धा आहे. ह्या पाचांची मिळून झाली पंचगंगा. कोल्हापूरच्या घाटाला स्पर्श करून ती पूर्वेकडे वळते, इचलकरंजीवरून शिरोळ तालुक्यात शिरते आणि नृसिंहवाडीस कृष्णेला मिळते. तिचा हा प्रवास तसा फार लांबीचा नाही. परंतु एवढ्याशा वाटेत ती अनेकांच्या हद्दींतून जाते. वाटेत कोठे महानगरपालिकेची हद्द आहे, कोठे ग्रामपंचायतीची, तर कोठे औद्योगिक वसाहतीची. नदीला मात्र ह्यांपैकी एकही हद्द ठाऊक नसते. वरच्या गावाने जे पाण्यात सोडले, ते खालच्या गावाच्या दारी ती बिनबोभाट नेऊन पोचवते.

कोल्हापूरच्या एखाद्या घरातील नळ सोडला की घागरीत पाणी पडते. ते तेथवर आणण्यासाठी कितीजणांचे हात लागले असतील, ह्याचा विचार आपण सहसा करीत नाही. राधानगरी धरणातून नदीत पाणी सोडण्याचे काम राज्य शासनाच्या पाटबंधारे खात्याचे. त्यालाच आता जलसंपदा विभाग म्हणतात. ते पाणी शिंगणापूर, बालिंगा येथील उपसा केंद्रांवरून उचलायचे, शुद्ध करायचे आणि घरोघर पोचवायचे, हे काम महानगरपालिकेच्या पाणीपुरवठा विभागाचे. २०२३ सालापासून काळम्मावाडीच्या धरणातूनही थेट नळाने शहरात पाणी येऊ लागले आहे. पंप चालतात विजेवर आणि वीज पुरवते महावितरण कंपनी. घागरीतील पाणी वापरून झाले की त्याचे सांडपाणी होते; ते वाहून नेण्याचे काम पालिकेच्या जलनिस्सारण विभागाकडे आहे. नदीचे पाणी शुद्ध आहे की नाही हे तपासणारे आणखी वेगळे. ते म्हणजे १९७० साली स्थापन झालेले महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ. नदीकाठच्या खेड्यांची काळजी जिल्हा परिषद आणि ग्रामपंचायती वाहतात. सर्वांच्या आरोग्यावर लक्ष ठेवणारे आरोग्य खाते आहेच.

इतकी खाती असणे हा काही दोष नव्हे. धरण बांधणाऱ्याला रोग्याची नाडी पाहता येत नाही आणि वैद्याला पंप दुरुस्त करता येत नाही. कामाची वाटणी केल्यावाचून एवढ्या मोठ्या शहराचा गाडा चालणारच नाही. अडचण सुरू होते ती एका खात्याचे काम संपून दुसऱ्याचे जेथे सुरू होते, त्या सांध्यावर. गवंड्याच्या बांधकामातही पाणी झिरपते ते बहुधा सांध्यातूनच.

कोल्हापूरचा जयंती नाला हे अशा सांध्याचे चांगले उदाहरण आहे. जयंती आणि गोमती ही नावेच सांगतात की एके काळी हे नाले नव्हते, लहान नद्या होत्या. शहर वाढले, वस्ती दाट झाली आणि घराघरांतील सांडपाणी ह्या प्रवाहांत येऊ लागले. जयंती, दुधाळी, लाईन बाजार अशा नाल्यांतून ते वर्षानुवर्षे थेट पंचगंगेत जात राहिले. त्यावर उपाय म्हणून नाल्याच्या तोंडाशी पाणी अडवून, ते पंपांनी उचलून शुद्धीकरण केंद्राकडे न्यायचे, अशी योजना झाली. कसबा बावडा येथील केंद्राची क्षमता दररोज ७ कोटी ६० लक्ष लिटर सांडपाणी शुद्ध करण्याची आहे. दुधाळी नाल्यासाठी त्याहून लहान, १ कोटी ७० लक्ष लिटरचे केंद्र आहे.

आता अशी कल्पना करा की, एखाद्या दिवशी दुपारी नाल्याजवळील पंपांची वीज गेली. पंप थांबले. परंतु घरांतील न्हाणीघरे आणि मोऱ्या काही थांबत नाहीत. नाल्यातील पाणी चढते, बांधावरून ओसंडते आणि काळ्या धारेने नदीत उतरते. सायंकाळी कोणी गृहस्थ घाटावर जातो, दुर्गंधीने नाक धरतो आणि दुसऱ्या दिवशी तक्रार घेऊन निघतो. त्याने कोणाच्या दारी जावे? जलनिस्सारण विभाग म्हणेल, “आमचे पंप ठीक होते, वीजच नव्हती.” वीज कंपनी म्हणेल, “तारेवर फांदी पडली होती. ती काढेपर्यंत वेळ लागणारच. आणि अशा वेळेसाठी पंपाजवळ जनित्र ठेवणे हे आमचे काम नव्हे.” प्रदूषण मंडळ म्हणेल, “आम्ही पाणी तपासतो आणि नोटीस देतो. नाला आम्ही अडवीत नाही.” पाटबंधारे खाते म्हणेल, “आमच्याकडे पाण्याचे माप असते, त्याचा रंग नसतो.”

नीट विचार केला तर ह्यांतील एकही उत्तर खोटे नाही. प्रत्येकाने आपापल्या वहीप्रमाणे खरेच सांगितले. तरीही नदी घाण झाली ती झालीच, आणि तो गृहस्थ चार कचेऱ्यांच्या पायऱ्या चढून-उतरून रिकाम्या हाताने घरी परतला.

येथे दोन शब्दांतील भेद ध्यानात घेण्याजोगा आहे. नेमून दिलेले काम करणे ही जबाबदारी. आणि त्या कामाचे फळ काय झाले, ते विचारणाऱ्याला सांगणे, चुकले असल्यास तसे कबूल करणे आणि दुरुस्त करणे, हे उत्तरदायित्व. जबाबदारी वाटून घेता येते. उत्तरदायित्व वाटले की त्याचे तुकडे होतात, आणि तुकड्याने कोणाचेच समाधान होत नाही.

कोल्हापूरच्या मुलांना गुऱ्हाळघर सांगावयास नको. तेथे एकजण ऊस चरकात घालतो, जळव्या चुलवाणात चिपाडे सारीत असतो, कोणी काहिलीवरची मळी काढतो आणि गुळव्या रसाचा पाक पाहतो. कामे वेगवेगळी आहेत. परंतु आधण बिघडले आणि गूळ काळपट उतरला, तर “जाळ जास्त झाला, पाक माझा बरोबर होता” असे म्हणून गुळव्याला सुटता येत नाही. जाळ वाढला तेव्हा त्याने जळव्याला हाक का मारली नाही, हे त्याला विचारले जाते. आणि हाक मारल्यावर जाळ का ओढला नाही, हे जळव्याला. बाजारात गुळाच्या रव्याचा भाव ठरतो तेव्हा व्यापारी जाळाचा वेगळा आणि पाकाचा वेगळा भाव करीत नाही.

नदीच्या बाबतीत हा भाव फार महाग पडतो. २०१२ साली इचलकरंजी शहरात काविळीची मोठी साथ आली. हजारो नागरिक आजारी पडले, काहीजण दगावले. ह्या प्रकारची कावीळ पसरते ती मैलामिश्रित पाणी पोटात गेल्यामुळे. पाणी दूषित होण्याच्या जागा अनेक असतात. वरच्या गावांचे सांडपाणी, शहराचे स्वतःचे नाले, जमिनीखालची फुटकी नळवाहिनी, शुद्धीकरणातील उणीव, ह्यांपैकी प्रत्येक जागेवर वेगळ्या कार्यालयाची पाटी असते. आजारी पडलेल्या मुलाला मात्र ह्या पाट्या वाचता येत नाहीत. इचलकरंजीच्या खाली, शिरोळ तालुक्यातील तेरवाड बंधाऱ्याजवळ मेलेल्या माशांचा खच पडल्याच्या बातम्याही वारंवार येत राहिल्या. बंधाऱ्यात पाणी अडलेले असते. वरून मैला आणि कारखान्यांचे पाणी येऊन मिळाले की त्यातील प्राणवायू घटतो आणि मासे गुदमरतात.

हा प्रश्न अखेर जनहित याचिकेच्या रूपाने मुंबई उच्च न्यायालयापुढे गेला. न्यायालयाने नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेकडून उपाय सुचवून घेतले आणि ते अमलात येतात की नाही हे पाहण्यासाठी विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. महत्त्वाची गोष्ट अशी की, जी खाती एरवी एकमेकांना पत्रे लिहीत, त्यांचे अधिकारी आता एका मेजाभोवती बसू लागले. पत्राला उत्तर देण्यास महिना लावता येतो. समोर बसलेल्या माणसाला तेथेच उत्तर द्यावे लागते. तरी तेवढ्याने नदी निर्मळ झाली, असे मात्र म्हणता येणार नाही.

ही अडचण कोल्हापूरचीच आहे असे नाही. एकोणिसाव्या शतकात लंडन शहराच्या गटारांचा कारभार अनेक स्वतंत्र मंडळांकडे विभागलेला होता. प्रत्येक मंडळ आपल्या भागातील घाण पुढच्या भागात ढकलून मोकळे होई आणि शेवटी सारे थेम्स नदीत जाई. १८५५ साली सबंध शहरासाठी एक मंडळ झाले खरे, पण त्याला पुरेसे अधिकार आणि पैसा मिळाला नव्हता. १८५८ च्या उन्हाळ्यात नदीला अशी दुर्गंधी सुटली की काठावरच्या संसदभवनात सभासदांना बसवेना. तेव्हा मात्र अवघ्या १८ दिवसांत कायदा संमत झाला आणि जोसेफ बॅझलगेट ह्या अभियंत्याने शहराखालून मोठी गटारे बांधून काढली. दुर्गंधी सभासदांच्या नाकापर्यंत पोचण्याआधी ती गरिबांच्या वस्त्यांत कित्येक वर्षे होतीच, हे विसरता कामा नये.

आपल्या राज्यात २०१५ साली लोकसेवा हक्क अधिनियम झाला. जन्माचा दाखला किंवा नळाची जोडणी मागितली, तर ती किती दिवसांत मिळाली पाहिजे आणि कोणत्या अधिकाऱ्याने दिली पाहिजे, हे त्या कायद्याने आधीच जाहीर करावे लागते. विनाकारण विलंब झाला तर त्या अधिकाऱ्यास दंडही होऊ शकतो. दाखल्याच्या बाबतीत हे सोपे आहे, कारण दाखला एका मेजावरून मिळतो. स्वच्छ नदी एका मेजावर तयार होत नाही. म्हणून तिच्यासाठी निराळी युक्ती लागते.

ती युक्ती कोल्हापूरने संकटाच्या दिवसांत पाहिली आहे. शहराजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर पाण्याची उंची मोजली जाते. तेथे ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी ठरलेली आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्याही वर चढले. शिरोलीजवळ पुणे-बंगळुरू महामार्ग कित्येक दिवस बंद राहिला. उपसा केंद्रे बुडाली; सभोवती समुद्रासारखे पाणी आणि घरातील नळ मात्र कोरडे, अशी विलक्षण स्थिती झाली. २०२१ च्या जुलैत पुन्हा तसाच पूर आला.

अशा वेळी २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील प्राधिकरणाकडे सूत्रे येतात. एका नियंत्रण कक्षात सर्व खात्यांची माहिती गोळा होते. राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. राजर्षी शाहू महाराजांनी हाती घेतलेले हे धरण. त्याचे हे दरवाजे पाणी ठरावीक उंचीवर आले की आपोआप उघडतात, कोणाच्या हुकमाची वाट पाहत नाहीत. म्हणून दरवाजा उघडताच बातमी पुढे गेली पाहिजे. ती पाटबंधारे खात्याकडून नियंत्रण कक्षात, तेथून नदीकाठच्या गावच्या तलाठ्याकडे, आणि गावात दवंडी किंवा भोंग्याने घराघरांत जाते. वीज कंपनीला कोणत्या भागातील प्रवाह तोडायचा हे कळावे लागते, पालिकेला टँकर कोठे धाडायचे हे, आणि शाळांना आपल्या खोल्या निवाऱ्यासाठी केव्हा उघडायच्या हे. येथे एकाचीच साखळी तुटली तर दुसऱ्याचे चोख काम वाया जाते. कर्नाटकातील अलमट्टी धरणातून किती पाणी सोडले जाते, ह्यासाठी तर दोन राज्यांच्या अधिकाऱ्यांना सतत बोलत राहावे लागते.

पूर ओसरला की कक्षातील वर्दळ कमी होते आणि प्रत्येक खाते आपापल्या कचेरीत परतते. पावसाळा संपल्यावर बंधाऱ्यांना बरगे लागतात, नदीचा वेग मंदावतो. आता पाणी माणसांना बुडवीत नाही. ते हळूहळू काळवंडते, आणि हळूहळू येणाऱ्या संकटासाठी कोणी भोंगा वाजवीत नाही.

तरी एक साधी प्रथा ह्याही दिवसांत उपयोगी पडते. नदीचे पाणी बिघडल्याची तक्रार आली म्हणजे संयुक्त पंचनामा करण्यात येतो. प्रदूषण मंडळाचा अधिकारी, पालिकेचा अभियंता आणि तक्रार करणारे नागरिक नाल्याच्या तोंडाशी एकत्र उभे राहतात. पाणी कोठून येत आहे, त्याचा रंग कसा, वास कसा, पंप चालू होता की बंद, हे सारे जागेवरच लिहिले जाते. सर्वांदेखत बाटल्या भरतात, त्यांना मोहोर लागते आणि त्या प्रयोगशाळेकडे जातात. मग तो कागद हातोहात फिरतो. तारीख आणि वेळ वर असते. खाली एकाखाली एक सह्या होतात. प्रत्येकाने काय पाहिले ते त्यात उतरलेले असते, आणि “मला ठाऊक नव्हते” असे त्यानंतर कोणालाही म्हणता येत नाही.