2147483647 : घड्याळाला अडवणारी मूळ संख्या

गृहकर्जाच्या तक्त्याची चाचणी घेत होतो. 1 फेब्रुवारी 2038 चा हप्ता पडद्यावर 26 डिसेंबर 1901 रोजी देय दिसला!

अनेक जुन्या संगणकप्रणाली 1 जानेवारी 1970 पासूनचे सेकंद 32 बिटांत मोजतात. एक बिट धन-ऋण चिन्हासाठी जातो. उरलेल्या 31 बिटांत मावणारी सर्वांत मोठी संख्या म्हणजे 2147483647, अर्थात 2 चा 31 वा घात उणे एक. 19 जानेवारी 2038 रोजी, ग्रिनिच वेळेनुसार पहाटे 3 वाजून 14 मिनिटे 7 सेकंदांनी ही मर्यादा गाठली जाईल. पुढच्याच सेकंदाला चिन्ह पालटून घड्याळ 1901 मध्ये जाईल.

ही संख्या मूळ आहे. दृष्टी जवळजवळ गेलेल्या ऑयलरने ते 1772 मध्ये सिद्ध केले. तिचे वर्गमूळ 46340 हून किंचित मोठे. तिथपर्यंतच्या हजारो मूळ संख्यांनी भागून पाहायचे तर आयुष्य पुरले असते, पण सोबत्यांचा धीर नव्हे. मात्र तिचा कोणताही मूळ विभाजक 248 ने भागल्यास बाकी 1 किंवा 63 च उरली पाहिजे. या एका चाळणीने पावणेचारशेहून कमी उमेदवार उरले, आणि एकानेही निःशेष भाग गेला नाही.

आम्ही तारखा 64 बिटांत नेल्या. आपल्यापैकी अनेकांचे हप्ते 2038 च्या पलीकडे जातात. परतफेडीचा छापील तक्ता एकदा शेवटच्या पानापर्यंत वाचून पाहावा.